निदानाची फी

स्मरणिकेचे संपादक दरवर्षी माझ्याकडून लसीकरण, बालदमा किंवा मुलांच्या परीक्षेचा ताण यांपैकी एखाद्या विषयावर लेख मागून घेतात आणि मीही तो निमूटपणे देतो. या वर्षी मात्र विषय निवडण्याची मोकळीक मी मागून घेतली. घरातील एखादे स्वयंचलित उपकरण बिघडले असता त्याला लागणारा बोटाच्या पेराएवढा विद्युत्घटक, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘पार्ट’, स्वस्तात कसा मिळवावा, हा तो विषय आहे. डॉक्टरांच्या स्मरणिकेत असा विषय पाहून काही वाचक पान उलटतील, हे मी जाणून आहे. त्यांना एवढीच विनंती की, प्रथम हकिगत ऐकून घ्यावी. रुग्णाची हकिगत पूर्ण ऐकल्याविना औषध लिहू नये, हे आपणच विद्यार्थ्यांना शिकवतो.

डिचोली तालुक्यातील आमचे घर जुने, चौसोपी आहे. आईची खोली आणि न्हाणीघर यांच्या मध्ये सोळा-सतरा पावलांची अंधारी पडवी आहे. आईचे वय आता ८४. रात्री तिला दोन-तीनदा उठावे लागते. म्हणून काही वर्षांपूर्वी घराची वायरिंग नव्याने केली, तेव्हा मी मोठ्या हौसेने पडवीत स्वयंचलित दिवे बसवून घेतले. माणसाची चाहूल लागली की दिवा लागावा आणि माणूस गेल्यावर तो आपोआप विझावा, अशी ती व्यवस्था. टाकीतील पाणी उतरले की पंप सुरू करणारे आणि सांज झाली की अंगणातील दिवा लावणारे यंत्रही त्याच पेटीत होते. काम करणाऱ्याने विचारले, ‘जुने बटण ठेवायचे का?’ मी रुबाबात म्हणालो, ‘आता त्याची गरज काय?’ हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. या हकिगतीतील खरा दोष त्या वाक्यात आहे.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी तो दिवा रडतखडत लागू लागला. आईची चाहूल लागताच पेटीतून ‘कट कट कट’ असा आवाज येई, दिवा दोनदा डोळे मिचकावी आणि मग केव्हा लागे, केव्हा लागत नसे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो कायमचा विझला. मी कंपनीला दूरध्वनी केला. तीन दिवसांनी तिचा माणूस आला, पेटी उघडून पाहिली, छायाचित्रे काढली आणि म्हणाला, ‘कार्ड गेले. हे मॉडेल आता येत नाही. सगळी पेटी बदलावी लागेल.’ अंदाजपत्रक आले ४२,००० रुपयांचे आणि मुदत तीन आठवड्यांची. मी होकार कळवला आणि वाट पाहत बसलो. आईच्या उशाशी विजेरी ठेवली. बाराव्या रात्री विजेरी एका हातात, काठी दुसऱ्या हातात, पडवीत पावसाची ओल, आणि आई पडली. उजवे मनगट मोडले. सुदैवाने खुबा वाचला. या वयात खुबा मोडणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगावयास नको.

मुलाला ताप येऊन चार दिवस झाल्यावर दवाखान्यात येणाऱ्या पालकांवर मी नेहमी रागावतो. ‘इतके दिवस कशाची वाट पाहिलीत?’ हा माझा ठरलेला प्रश्न. तो प्रश्न त्या रात्री माझ्या आईने मला विचारला नाही, हा तिचा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टर घालून आम्ही घरी परतलो, तो दारात आमच्या वाड्यावरील एक इलेक्ट्रिशियन उभा होता. आईच्या पडण्याची बातमी त्याला लागली होती. हा गृहस्थ आय.टी.आय. झालेला. तरुणपणी खनिजाच्या ट्रकांची वायरिंग करीत असे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रक उभे राहिले आणि हा घरोघरचे पंखे, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करू लागला. त्याने पेटीतील कार्ड काढून खिडकीपाशी नेले, उलटसुलट पाहिले, वास घेतला, मल्टिमीटर लावला आणि म्हणाला, ‘दोतोर, हें कार्ड मरूंक ना. ताका भूक लागल्या.’ कार्ड मेलेले नाही, त्याला भूक लागली आहे.

हे वाक्य ऐकून मी जागच्या जागी उभा राहिलो. वजन न वाढणारे, चिरचिरे मूल घेऊन एखादी आई येते. सोबत तपासण्यांची जाड फाइल असते. नाना दुर्धर रोगांची नावे आधीच कोणी ना कोणी घेतलेली असतात. नीट चौकशी केली तर कळते की, दुधात पाणी अधिक पडत आहे. मूल आजारी नसते, उपाशी असते. तीस वर्षे मी हेच निदान करीत आलो आणि माझ्या घरातील कार्डाच्या बाबतीत मात्र कोणीतरी ‘गेले’ म्हटल्याबरोबर मान डोलावली.

आता ही भूक कसली, ते थोडक्यात सांगतो. अशा लहान कार्डांना चालण्यासाठी पाच किंवा बारा व्होल्टचा दाब लागतो आणि भिंतीतून येते ती २३० व्होल्टची वीज. ट्रान्सफॉर्मर घातला तर कार्ड जड आणि महाग होते. म्हणून पुष्कळ उत्पादक एक कपॅसिटर मार्गात घालून वीज मोजून-मापून आत सोडतात. आमच्या कार्डावर तो होता ०.६८ मायक्रोफॅरडचा, चिंचोक्याहून थोडा मोठा, पिवळ्या रंगाचा. आपल्याकडील २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच्या विजेवर असा कपॅसिटर सुमारे ५० मिलीअँपिअर प्रवाह जाऊ देतो. दिवा लावणाऱ्या बारा व्होल्टच्या लहान रिलेला त्यातले ३० मिलीअँपिअर लागतात, बाकीच्यावर कार्डाची इतर मंडळी जगतात. आमच्या इलेक्ट्रिशियनने तो कपॅसिटर मापला तेव्हा भरला ०.२९. म्हणजे आत येणारा प्रवाह निम्म्याहूनही कमी. रिले ओढू पाही, बळ अपुरे पडे, सुटे, पुन्हा ओढू पाही. तीच ती ‘कट कट’.

हा घटक असा का झिजतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. त्याच्या आत प्लास्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. विजेचा लोंढा आला आणि एखाद्या जागी पापुद्रा फाटला, की त्या जागेभोवतालचा धातू जळून नाहीसा होतो आणि जखम आपोआप बंद होते. कपॅसिटर वाचतो, पण दर जखमेगणिक थोडा लहान होतो. त्यात दमट हवा आत शिरली की धातू गंजू लागतो. मे अखेरचा गडगडाट, विजेचे येणे-जाणे आणि चार महिन्यांचा पाऊस हे सारे वाट्याला आलेल्या आपल्या गोव्यात हा क्षयरोग त्याला लवकर जडावा, यात नवल नाही. त्याचा शेजारी, म्हणजे डब्याच्या आकाराचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, उष्णतेने वाळतो. तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य अदमासे निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. छपराखालच्या बंद पेटीत त्याचे काय होत असेल, याची कल्पना करावी. म्हणजे ‘कार्ड गेले’ या दोन शब्दांमागे बहुतेक वेळा या दोघांपैकी एक, रिले, फ्यूज किंवा विजेचा लोंढा अंगावर घेणारी एमओव्ही नावाची चकती, एवढेच गेलेले असते.

निदान झाले. आता औषध कोठून आणावयाचे? येथून खरी यात्रा सुरू झाली.

जवळच्या शहरातील एका दुकानात मी स्वतः गेलो. दुकानदाराने तोच आकार, तोच आकडा असलेला कपॅसिटर आठ रुपयांना पुढे केला. त्यावर ‘४०० व्होल्ट डीसी’ असे छापले होते. ‘हाच चालतो, सगळे हाच घालतात,’ असे त्याने सांगितले. मी तो घेऊन आलो तेव्हा इलेक्ट्रिशियनने हातातही धरला नाही. त्याने जुन्या कपॅसिटरवरील ‘एक्स-२’ आणि ‘२७५ व्होल्ट एसी’ ही अक्षरे मला भिंगातून दाखवली. भिंतीतील विजेला थेट जोडला जाणारा घटक रात्रंदिवस उलटसुलट दाब सोसतो, मधूनमधून येणारे हजारो व्होल्टचे क्षणिक तडाखे सोसतो, आणि निकामी झाला तरी पेट घेऊ नये अशा कसोटीतून गेलेला असतो. ती कसोटी पार केल्याची खूण म्हणजे ते ‘एक्स-२’. आठ रुपयांचा घटकही दिवा लावील, पण एखाद्या रात्री घरही पेटवील. सात रुपये वाचवण्यासाठी घेतलेली ती जोखीम.

मग संगणकावर शोध घेतला. हवा तो घटक १५ रुपयांना मिळत होता आणि तो आमच्या दारापर्यंत पोहोचवण्याची हशील होती ९० रुपये. दहा घेतले तर नगाची किंमत उतरे, पण दहा घेऊन मी करणार काय? शिवाय तो येणार पाच-सहा दिवसांनी. तोवर आई अंधारात. तेव्हा आमच्या इलेक्ट्रिशियनने आपल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून जुनी, निकामी कार्डे काढली. एकावरील एक्स-२ कपॅसिटर मापला, तो भरला ०.६६. तो काढून आमच्या कार्डावर सोल्डर केला. त्याच संध्याकाळी सहा वाजता पडवीतील दिवा लागला. मात्र जाताना त्याने बजावले की, हा उसना आहे, दुसऱ्याच्या अंगात झिजलेला आहे. नवा मिळाला की बदलून घ्यावा.

नवा मिळाला तो मुंबईत. पुढच्या महिन्यात एका परिषदेसाठी गेलो असता एक दुपार मी लॅमिंग्टन रोडला दिली. ग्रँट रोड स्टेशनजवळचा हा रस्ता. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो, पण त्याचे आजचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. विद्युत्घटकांच्या बाजारपेठेला डॉक्टरांचे नाव असावे, हा योगायोग मला फार आवडला. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, बंगळूरूत एस.पी. रोड आणि मुंबईत हा रस्ता, ही या व्यवसायाची पंढरी-काशी. चिंचोळ्या दुकानांत भिंतभर लहान लहान खण, जुन्या वैद्याच्या बटव्यासारखे. आपण आकडा सांगावा आणि विक्रेत्याने न पाहता नेमका खण ओढावा. तेथे एकच नग मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे कोणी फारसे पाहत नाही. दहा घेणाऱ्याला भाव मिळतो, शंभर घेणाऱ्याला मान मिळतो. मी नामांकित उत्पादकाचे दहा एक्स-२ कपॅसिटर दर नगी १५ रुपयांना घेतले. सोबत पाच रिले, काही एमओव्ही, फ्यूज आणि १०५ अंश सोसणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घेतले. एकूण खर्च ५०० रुपयांच्या आत. ४२,००० च्या अंदाजपत्रकाशेजारी मी ती पावती जपून ठेवली आहे.

येथवरची हकिगत ऐकून कोणी म्हणेल, ‘म्हणजे कंपन्या लुटतात, आपण स्वस्त पार्ट आणावेत, हेच तुम्हाला म्हणावयाचे ना?’ तसे नाही. मला म्हणावयाचे आहे ते जवळजवळ उलट आहे. स्वस्ताई बाजारात नसते, ती निदानात असते. बिघाड नेमका कोठे आहे हे ठाऊक असले तर १५ रुपयांत काम होते. ते ठाऊक नसेल तर ४२,००० देऊनही समाधान नाही. आणि निदान झाल्यावर मात्र घटकाच्या किमतीत काटकसर करावयाची नसते, त्याच्या उगमाची चौकशी करावयाची असते.

आपल्या व्यवसायाने हा धडा फार मोठी किंमत देऊन गिरवला आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरिनच्या जागी भेसळीचे, कारखानी ग्लिसरिन रुग्णांना दिले गेले आणि १४ जण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या खरेदीमागची साखळी उघडी केली. २०२२ मध्ये गांबिया देशात मूत्रपिंडे निकामी होऊन बालके दगावली आणि जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार औषधांविषयी इशारा दिला. २०२५ मध्ये आपल्याच देशात, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधाने पुन्हा मुले गेली. एका बालरोगतज्ज्ञाला ही वाक्ये लिहिताना काय वाटते, ते मी लिहीत नाही. सांगावयाचे इतकेच की, जेनेरिक औषध आणि नकली औषध यांत जे अंतर आहे, तेच अंतर योग्य दराने घेतलेला एक्स-२ कपॅसिटर आणि आठ रुपयांचा ‘हाच चालतो’ यांत आहे. पहिल्यात नावाची किंमत वजा होते, दुसऱ्यात कसोटी वजा होते. विद्युत्घटकांच्या बाजारातही जुने घटक पुसून, नवी अक्षरे छापून विकले जातात. म्हणून दिव्याच्या खुणेचा लहान एलईडी, साधा रेझिस्टर हे कोठूनही घ्यावे. भिंतीतील विजेला भिडणारा कपॅसिटर, फ्यूज, एमओव्ही आणि रिले हे मात्र ओळखीच्या विक्रेत्याकडून, नामांकित उत्पादकाचेच घ्यावे. काटकसरीची सीमारेषा येथे आखावी.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकू या. कंपनी म्हणेल की, जुन्या मॉडेलचे भाग आम्ही किती काळ सांभाळावे? आणि अर्धवट माहितीच्या माणसाने कार्ड उघडले तर अपघाताची जबाबदारी कोणाची? हा युक्तिवाद पोकळ नाही. वर वर्णिलेल्या प्रकारच्या कार्डात ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे कार्डाचा प्रत्येक बिंदू भिंतीतील विजेशी जोडलेला असतो. पाच व्होल्टचे म्हणून कोणी हात लावला तर जीव जाऊ शकतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार राहतो. तेव्हा सहकाऱ्यांनी हा लेख वाचून स्वतः पेचकस हाती घेऊ नये. आपण रुग्णाला स्वतःचे ऑपरेशन करू देत नाही. पण ‘अकुशलाने करू नये’ यातून ‘कुशलालाही करू देऊ नये’ हे निघत नाही. नकाशा गुप्त, घटकांवरील अक्षरे खरवडलेली आणि सुटा भाग विकत मिळणार नाही, ही व्यवस्था सुरक्षिततेसाठी नाही. ती नवी पेटी खपावी म्हणून आहे.

जगभर याविषयी जाग येत आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही उपकरणांवर त्यांची दुरुस्ती किती सुलभ आहे याचे गुण छापणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी निर्देश काढला. आपल्या केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या प्रश्नावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पण कायदा दिल्लीत होवो की ब्रुसेल्समध्ये, डिचोलीतील कार्ड डिचोलीतील माणसालाच उघडावे लागणार. तो माणूस टिकेल काय, हा माझ्या दृष्टीने या लेखातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे.

दिवा लागल्यावर मी त्याला विचारले, ‘किती द्यायचे?’ तो म्हणाला, ‘पार्ट जुनाच आहे, काय द्यायचे ते द्या. दीडशे द्या.’ मी ५०० दिले, तर तो संकोचला. नंतर त्याने सांगितले की, लोक पार्टाचे पैसे देतात, शोधून काढण्याचे देत नाहीत. दोन तास बसून बिघाड शोधावा आणि पार्ट निघावा दोन रुपयांचा, तर गिऱ्हाईक म्हणते, ‘दोन रुपयांचे काम, आणि दोनशे कसले मागतोस?’ म्हणून पुष्कळ कारागीर आता शोधत बसत नाहीत. ‘कार्ड गेले’ म्हणतात, नवे कार्ड आणून घालतात, त्यावर दलाली मिळते आणि गिऱ्हाईकही कुरकुर न करता पैसे मोजते. त्याचा मुलगा या धंद्यात उतरणार नाही. तो मोपाच्या विमानतळावर नोकरी शोधतो आहे.

सहकाऱ्यांनो, हे ऐकताना मला लाज वाटली. ‘नुसते तपासले, औषधही लिहिले नाही, आणि फी घेतली!’ असे म्हणणाऱ्या पालकांविषयी आपण आपसांत किती हळहळतो! सर्दी-पडशाला प्रतिजैविक न देता, नीट तपासून, समजूत घालून घरी पाठवणे हे अधिक कौशल्याचे काम आहे आणि त्याचीच फी असते, हे समाजाने ओळखावे अशी आपली रास्त अपेक्षा असते. ज्या समाजात निदानाला मोल नाही, त्या समाजात औषधांचा मारा वाढतो. इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत आपण स्वतःच तो समाज झालो आहोत. पंधरा रुपयांचा कपॅसिटर शोधून देणाऱ्याला आपण पंधरा रुपयांचा माणूस समजतो, आणि मग तो नाहीसा झाल्यावर ४२,००० चे अंदाजपत्रक हाती घेऊन तक्रार करतो.

कोणी हिशेबी सहकारी म्हणेल की, डॉक्टरचा वेळ कार्डापेक्षा महाग आहे, दुपारभर लॅमिंग्टन रोडवर फिरण्यात कसली आली काटकसर? खरे आहे. एकट्याने हे करणे परवडत नाही. म्हणूनच मी हे मंडळाच्या स्मरणिकेत लिहीत आहे. पेडणे ते डिचोली या टापूत आपल्यापैकी अनेकांची घरे दवाखान्यावर किंवा दवाखान्यालगत आहेत. प्रत्येकाकडे पंपाचे यंत्र, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर आहे, आणि माझ्यासारख्यांकडे लशींचा फ्रिजही आहे. दोन ते आठ अंशांच्या मर्यादेत राहणाऱ्या त्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्येही असाच एखादा रिले बसलेला असतो. तो रात्री रुसला तर सकाळी किती लशी टाकाव्या लागतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तेव्हा मंडळापुढे माझ्या काही साध्या सूचना आहेत. पहिली, वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीपूर्वी, सर्वांची मिळून घटकांची एकच मागणी नोंदवावी. वीस घरांनी मिळून घेतले तर टपालहशील वाटली जाते, नगाचा भाव उतरतो आणि उगमही खात्रीचा राहतो. एक पेटी मंडळाच्या कार्यालयात राहावी आणि ज्या कारागिराला गरज पडेल त्याने नोंद करून भाग न्यावा. दुसरी, नवे उपकरण घेताना किमतीआधी विचारावे की, सुटे भाग किती वर्षे मिळतील? उत्तर लेखी घ्यावे. आणि यंत्र बसवले त्याच दिवशी, ते चालू स्थितीत असताना, जाणकाराकडून वीज बंद करवून कार्डाचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे. जळून काळ्या पडलेल्या घटकावरील आकडा वाचता येत नाही, तेव्हा ते छायाचित्र हीच जन्मपत्रिका. तिसरी, निकामी कार्डे भंगारात टाकू नयेत. डिचोली आणि पेडणे येथे सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथील मुलांना बिघाड शोधण्याच्या सरावासाठी ती द्यावीत. आपण शवविच्छेदनातूनच शिकलो ना? पेडणे तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक उत्पादनांची वसाहत उभारण्याची शासनाची योजना आहे. तेथे कारखाने येवोत आणि भरभराट होवो. पण ज्या तालुक्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवण्याचे स्वप्न पाहिले जाते, त्याच तालुक्यात एक रिले बदलू शकणारा माणूस शोधावा लागू नये.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची, आणि तिला एक पैसाही लागत नाही म्हटले तरी चालेल. कारागिराला निदानाची फी द्यावी. पार्ट दोन रुपयांचा निघो की दोनशेचा, ‘शोधून काढण्याचे इतके’ असे आधी ठरवून, आनंदाने द्यावे. त्याच्या मुलाला बापाच्या धंद्यात भविष्य दिसले पाहिजे.

आईचे मनगट आता जुळले आहे. मुठीत पूर्वीचा जोर नाही, पण फुलवाती वळते. पडवीतील दिवा नव्या कपॅसिटरवर नीट चालतो. तरीही नवा कपॅसिटर बसवून झाल्यावर आईने इलेक्ट्रिशियनला जवळ बोलावून सांगितले की, ते सगळे राहू दे बाबा, मला माझे जुने बटण पुन्हा लावून दे. त्याने पेटीला समांतर एक साधे बटण तिच्या पलंगाच्या हाताशी लावून दिले. यंत्र चालो वा न चालो, बटण दाबले की दिवा लागतो. त्याची किंमत पडली ४० रुपये आणि त्याच्या श्रमाचे वेगळे २०० रुपये, जे या वेळी त्याने न संकोचता मागून घेतले.